पाळी गेल्यावर हाडांची राखण

वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, कारण हा विषय एकट्या बायकांचा नाही.

शेतात राबणाऱ्या बाईची हाडे दगडासारखी असतात, हा आपल्याकडील जुना समज. तो अर्धाच खरा आहे. चालण्याने आणि अंगमेहनतीने हाडे बळकट होतात, हे खरे. पण हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडे झिजते व रोज नव्याने भरते. स्त्रीच्या अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन ही झीज आवरून धरते. साधारण 45 ते 50 व्या वर्षी पाळी कायमची थांबली की ते आटते. पुढील 5 ते 7 वर्षांत हाडांचा पाचवा हिस्साही झिजून जाऊ शकतो. अशी हाडे ठिसूळ होण्याला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

या रोगाची खोड अशी की हाड मोडेपर्यंत तो दुखत नाही. गोठ्यात साधा पाय घसरला आणि मनगट मोडले, उंची कमी झाली, पाठीला बाक आला, की आपण "वय झाले" म्हणून सोडून देतो. खुब्याचे हाड मोडले तर बाई कायमची अंथरुणाला खिळू शकते.

माझे स्पष्ट मत असे की या रोगाची एक मुळी आपल्या स्वयंपाकघरातील वाटणीत आहे. म्हशीचे दूध डेअरीला जाते, उरलेले मुलांना व पुरुषांना, आणि धार काढणारीच्या वाट्याला कोरा चहा! पाळी गेलेल्या स्त्रीला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. पेलाभर दुधातून त्यातले सुमारे 240 मिळते. बाकीचे दही, ताक, तीळ, नाचणी, राजगिरा व पालेभाजीतून घ्यावे. हाडांना प्रथिनेही लागतात. आपल्या माळव्यात सोयाबीन पोत्यांनी पिकते, पण सगळे मंडीत जाते. थोडे घरात ठेवून नीट शिजवून खावे, डाळ-हरभरा आहेच. मात्र नुसत्या सोयाबीनने पाळीनंतरची झीज थांबते, या भरवशावर राहू नये. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे, ते उन्हातून मिळते. शेतात दिवस काढला तरी पदराने अंग पूर्ण झाकलेले असेल, तर ऊन लागत नाही. थंडीत दुपारी थोडा वेळ हात-तोंड उघडे ठेवावे. वैशाखात मात्र उन्हाचा ताप सांभाळावा.

ज्यांची पाळी लवकर गेली, ज्यांचे अंग फार किरकोळ आहे, ज्यांच्या आईचा खुबा मोडला होता, ज्यांना तंबाखू-मिश्रीची सवय आहे, त्यांनी अधिक जपावे. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या अनोळखी पुड्या घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड असू शकते, आणि ते दीर्घकाळ पोटात गेले तर हाडे पोखरते.

पाळी लवकर जाण्याचे एक कारण तर माणसाच्याच हातचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची 2019 साली महाराष्ट्र सरकारच्या समितीने पाहणी केली. डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या अध्यक्षा होत्या. सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर तिशीतल्या बाईच्या हाडांची झीज त्या दिवसापासून सुरू होते. काही रोगांत ही शस्त्रक्रिया अटळ असते. पण "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" एवढ्यावर होकार देऊ नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि अंडाशये राखता येतील का, हे तोंड उघडून विचारावे.

साध्या पडण्याने हाड मोडले, तर प्लास्टर काढून गप्प बसू नये. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. इंदूरसारख्या शहरात ती होते. हाडे बळकट करणारी औषधे आज उपलब्ध आहेत, परंतु ती व कॅल्शियमच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. न्हाणीघरातील शेवाळ घासून काढावे, आणि रात्री अंगणात दिवा असावा.

बंधूंनो, बैलाच्या खुराला जपणारा शेतकरी घरच्या लक्ष्मीच्या हाडांना का जपत नाही? आज संध्याकाळी डेअरीत दूध घालण्याआधी एक पेला तिच्यासाठी बाजूला काढा, आणि तिने तो स्वतः प्यायला की नाही, तेही पाहा.