जनुकाचे संपादन झाले, पण विश्वासाचे काय?

फेब्रुवारी २०१० मध्ये बीटी वांग्यावर बेंगळुरूत जाहीर सुनावणी झाली. नागपूरसह सात शहरांत झालेल्या सुनावण्यांपैकी ती शेवटची. तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी या वाणाला स्थगिती दिली.

४ मे २०२५ रोजी मात्र जनुक-संपादित भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले. हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने ‘सांबा महसुरी’पासून ‘कमला’ घडवला, तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘एमटीयू १०१०’पासून ‘पुसा डीएसटी राइस १’.

बीटी वांग्यात जिवाणूचे जनुक बाहेरून घातलेले होते. ‘कमला’मध्ये भाताचेच एक जनुक क्रिस्परने निकामी केले आहे. सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे विकर त्या जनुकामुळे तयार होते. विकर घटले, संप्रेरक टिकले आणि लोंबीतील दाणे वाढले. असा बदल निसर्गातही घडू शकतो. म्हणूनच, परकीय जनुक उरलेले नसल्यास अशा वाणांना ३० मार्च २०२२ च्या आदेशाने जीएम पिकांच्या कठोर नियमांतून सूट मिळाली.

ही सूट शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. परंतु मंजुरीतून सूट म्हणजे उत्तरदायित्वातून सूट नव्हे. संपादन प्रयोगशाळेत लवकर उरकते. शेतातील परीक्षा हंगामांच्याच गतीने होते. कोणत्या जिल्ह्यात, किती पावसात, किती उतारा मिळाला, ही आकडेवारी सर्वांना खुली असली पाहिजे. बियाणे राखून ठेवण्याचा जो हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला, तो क्रिस्परच्या पेटंटांमुळे बाधित होणार नाही, हेही आधीच स्पष्ट व्हावे.

दुसरा प्रश्न पिकांच्या निवडीचा. दक्षिण कर्नाटकाचे अन्न म्हणजे नाचणी. ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संशोधकाने भारतीय व आफ्रिकी नाचणीच्या संकरातून ‘इंडाफ’ वाण दिले. नाचणीची फुले अतिशय बारीक; त्यांचा हाताने संकर करणे जिकिरीचे. संपादनाचा खरा लाभ अशाच पिकांना होईल. खासगी कंपन्यांना त्यात नफा थोडा, तेव्हा ही जबाबदारी सार्वजनिक संस्थांनीच उचलावी लागेल.

बेंगळुरूच्या सुनावणीत शेतकऱ्याला प्रश्न विचारण्यासाठी जागा तरी होती. नव्या व्यवस्थेत ती उरलेली नाही. ज्याच्या शेतात वाण पेरला जाणार, त्याला आधी विचारले पाहिजे. नाहीतर उत्तम वाणही संशयाच्या भोवऱ्यात सापडेल.

#जनुकसंपादन #कृषिविज्ञान #नाचणी