दहापैकी नऊ जण, पण कोणत्या दहांपैकी?

हाडे बळकट करणारी भुकटी असो, गुडघ्याचे तेल असो वा दातांची शिवशिव थांबवणारी पेस्ट, वेष्टनावर किंवा पत्रकात एक आकडा हटकून असतो. ‘दहापैकी नऊ जणांना गुण आला’, ‘डॉक्टरांची पहिली पसंती’. असे आकडे बहुधा बाजारपेठेच्या सर्वेक्षणातून येतात. असे सर्वेक्षण करणे हा रीतसर व्यवसाय आहे, त्यात गैर काही नाही. परंतु त्याचा निष्कर्ष वाचून कुणी स्वतःची औषधे बदलू लागले, की माझ्यासारख्या डॉक्टरला त्यात लक्ष घालावे लागते.

२०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे सेन्सोडाइन टूथपेस्टच्या जाहिरातींचे प्रकरण आले. जगभरातील दंतवैद्य हिची शिफारस करतात आणि ही या प्रकारातील जगातील अव्वल पेस्ट आहे, असे दोन दावे त्यांत होते. पुरावा मागितल्यावर कंपनीने दोन बाजार-सर्वेक्षणे सादर केली. दोन्हींत प्रश्न विचारले होते ते केवळ भारतातील दंतवैद्यांना! प्राधिकरणाने या दाव्यांच्या जाहिराती थांबवण्याचा आदेश दिला आणि दहा लाख रुपये दंड केला. प्रश्न कुणाला विचारला आणि उत्तर कुणाच्या नावावर खपवले, यांतील हे अंतर होते.

आपल्यापैकी अनेकांनी भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत उमेद घालवली आहे. दर्जा तपासणी विभागात काम केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. पेटीच्या वरच्या थरातले चार नग पाहून कोणी अख्खा लॉट पास करत नाही, आणि पुरवठादाराने स्वतः निवडून हातात दिलेले नग तर मुळीच नाही. माणसांच्या सर्वेक्षणालाही तोच न्याय लावावा. तेलाची दुसरी बाटली विकत घेणाऱ्यांनाच ‘गुण आला का?’ असे विचारले, तर बहुतेक जण होकारच देतील. पहिल्या बाटलीनंतर कंटाळून सोडून देणारे त्या मोजणीत येतच नाहीत.

गुडघ्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. झिजलेल्या सांध्याचे दुखणे कमी-जास्त होत असते. माणूस तेल आणतो तो दुखणे टोकाला गेल्यावर. महिन्याने ते थोडे उतरते, आणि काहीही न चोळता कित्येकदा उतरलेच असते. श्रेय मात्र बाटलीला जाते. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांत ते औषध न घेणाऱ्यांचा दुसरा गट तुलनेसाठी ठेवतात. ग्राहकांच्या पसंतीच्या सर्वेक्षणात असा गट सहसा नसतो.

आम्हा डॉक्टरांचे मत तरी निर्मळ असते का? १९४६ मध्ये अमेरिकेत ‘इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर अधिक’ अशी जाहिरात झळकली. आधार सर्वेक्षणाचाच होता. पुढे इतिहासकारांनी दाखवून दिले, की वैद्यकीय परिषदांत डॉक्टरांना त्या सिगारेटची पाकिटे फुकट वाटायची आणि मग कोणती सिगारेट ओढता असे विचारायचे, असा तो प्रकार होता.

खरी चिंता मधुमेह आणि रक्तदाबाची. आकडा वाचून एखादे आजोबा गोळी बंद करतात आणि भुकटी सुरू करतात. पुढचे काही आठवडे काहीच जाणवत नाही, कारण वाढलेली साखर दुखत नाही आणि वाढलेला रक्तदाबही बहुधा दुखत नाही. घरच्यांना हे कळेपर्यंत डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा त्याची किंमत मोजत असतात. भुकटी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. चालू गोळी स्वतःहून थांबवू नका.

आता सर्वेक्षणवाले आपल्याच सोसायटीत येतात तेव्हाचे. ‘ज्येष्ठांच्या आरोग्याचा सर्व्हे’ असे म्हणून टाचेवर यंत्र लावतात, ‘हाडे ठिसूळ झाली आहेत’ असे सांगतात आणि लगेच डबा पुढे करतात. टाचेची ती तपासणी फार तर प्राथमिक अंदाज देते. निदानासाठी खुबा आणि मणक्याची डेक्सा तपासणी लागते. आणि संशोधनाच्या आडून विक्री करू नये, असे या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिताच सांगते. प्रश्न विचारणाऱ्याने माल काढला, की ते सर्वेक्षण उरत नाही. आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला, तर दार लावून घ्यावे. त्यात उद्धटपणा नाही.

आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. असा डबा घरात दिसला तर त्यावरून वाद घालू नका, त्यांचा मान राखून सोबत बसून पत्रकातली बारीक अक्षरे वाचा. किती जणांना विचारले, कुठे, काय विचारले आणि पैसे कुणी दिले, हे तिथे सापडते का पाहा. सापडले नाही तर डबा आणि पत्रक पुढच्या तपासणीला घेऊन या. दावा फसवा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी पावती आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवा.