अनवाणी बिकिला आणि आमची भाषणं

मंडळी, परवा नातवाच्या शाळेत क्रीडादिनाला गेलो होतो. प्रमुख पाहुण्यांनी तीच गोष्ट सांगितली. इथिओपियाचा अबेबे बिकिला, १९६० चं रोम ऑलिंपिक, गरिबीमुळे बूट नाहीत, अनवाणी धावला आणि मॅरेथॉनचं सुवर्णपदक! टाळ्या. मग, "मुलांनो, साधनं नसली तरी जिद्द हवी." पुन्हा टाळ्या.

मला राग आला तो पाहुण्यांपेक्षा माझाच. हीच गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली आहे.

बिकिला म्हणजे काही डोंगरातून थेट रोमला पोचलेला गुराखी नव्हे. तो सम्राट हैले सेलासींच्या रक्षकदलातला सैनिक. ओन्नी निस्कानेन या स्वीडिश प्रशिक्षकाने त्याला घडवलं. रोममध्ये पायाला नीट बसतील असे बूट मिळेनात आणि अनवाणी पळायची सवय होतीच, म्हणून बूट बाजूला ठेवले. वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, तोवरची जगातली सर्वोत्तम. पुढे १९६४ मध्ये टोकियोत अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर सहाएक आठवड्यांतच तो पुन्हा जिंकला, दुसऱ्यापेक्षा चार मिनिटांहून जास्त पुढे. तेव्हा पायात बूट होते! हे कुणी सांगत नाही. सांगितलं तर भाषण लंगडं पडतं ना.

आणि जिद्दीनेच सगळं होत असेल तर मिरुत्स यिफ्तरचं काय? १९७६ ला आफ्रिकी देशांनी माँट्रियलवर बहिष्कार टाकला, त्यात इथिओपियाही होता. हा गडी घरी बसला. १९८० ला मॉस्कोत त्याने ५,००० आणि १०,००० मीटर, दोन्ही सुवर्णं घेतली. पुढे १९८४ आणि १९८८ लाही देश गेलाच नाही. त्या वर्षांत ज्यांचं वय उलटून गेलं, त्यांच्या जिद्दीत काय खोट होती?

मला खरी गोष्ट सांगावीशी वाटते ती बेकोजीची. उंचावरचं छोटं गाव. तिथे सेंतायेहू एशेतू हे शाळेतले खेळाचे शिक्षक. (होय, आपल्यासारखेच मास्तर!) १९९२ ला बार्सिलोनात १०,००० मीटर जिंकणारी देरार्तू तुलू, ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकी स्त्री, त्यांच्याच हाताखालची. केनेनिसा बेकेले आणि तिरुनेश दिबाबाही त्यांचेच. एका गावात एक माणूस रोज मैदानावर उभा राहिला, त्याचं हे फळ. पण यावर भाषण ठोकायचं तर आधी रोज मैदानावर जावं लागतं.

नोकरीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत माझा एक विद्यार्थी डांबरी रस्त्यावर अनवाणी धावला. टाचा सोलवटल्या. मी पाठ थोपटून त्याला बिकिलाचं नाव सांगितलं. बुटांसाठी हेडमास्तरांकडे शब्द टाकावा, वर्गणी काढावी, हे सुचलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी तो स्पर्धेला आला नाही.

असो. पुढल्या वर्षी मला पाहुणा म्हणून बोलावलं तर टोकियोपासूनच सुरुवात करणार आहे. हे वाचून बोलावतील का, ते बघू!