वाकड्या कंदिलाची बाजू

मुलांच्या हातांवरचा आपला विश्वास उडाला आहे, अशी माझी तक्रार आहे. ती मी ऐन सणात करतो याचा वाचकांनी राग मानू नये. कारण या तक्रारीचा पुरावा दिवाळीतच रस्त्यावर मांडून ठेवलेला असतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, साच्यातून काढलेले किल्ले पेठापेठांतून ओळीने विकावयास बसतात. चार बुरूज, एक दरवाजा, वर हिरव्या रंगाचे फटकारे. रायगड मागणाऱ्याला जो मिळतो तोच प्रतापगड मागणाऱ्यालाही मिळतो. वडील पैसे मोजतात, आई तो गॅलरीत मांडते, आणि मूल त्याच्याशेजारी छायाचित्रासाठी उभे राहते. इतके झाले की 'आमच्या बाळ्याने किल्ला केला' असे म्हणावयास घर मोकळे होते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते सांगतो.

किल्ला विकत घेण्याची वस्तू नव्हे. ते चार-पाच दिवसांचे काम आहे. विटा-दगडांचा ढीग रचावा लागतो, त्यावर गोणपाट पसरावे लागते, माती चाळून, कालवून थापावी लागते. पाणी जास्त झाले तर कडा ढासळते, कमी पडले तर भेगा जातात. पायथ्यापासून दरवाजापर्यंत वाट सरळ काढली तर पाण्याच्या पहिल्या शिंपणालाच ती वाहून जाते. मग मूल ती वळणावळणाने काढते. घाटातला रस्ता वळणे का घेतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तळ्यासाठी खड्डा खणताना निघालेली माती तटाला कामी येते. खुद्द गडांवरही टाकी खोदताना निघालेला दगड बांधकामाला लावीत. अळीव किंवा मोहरी पेरली तर हिरवळ दिसावयास तीन-चार दिवस लागतात, आणि ते दिवस कोणाच्याही पैशाने कमी होत नाहीत. वाट पाहण्याचे शिक्षण देणारी दुसरी कोणती वस्तू आज घरात उरली आहे?

२०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. आपण पेढे वाटले. वाटावयासच हवे होते. परंतु त्याच यादीतल्या राजगडाला माच्या किती, हे मुलांना विचारून पाहावे. पद्मावती, सुवेळा, संजीवनी ही तीन नावे एखादे मूल पाठ म्हणून दाखवील. मात्र संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी का घातली असेल, याचा विचार तेच मूल करील ज्याने मातीचा एकेरी तट घालून तो शेजारच्या मुलाच्या चेंडूने फुटलेला पाहिला आहे. वारसा यादीत राहतो तसा हातांतही राहावा लागतो.

कंदिलाचीही तीच कथा. बुरुडाकडून कामट्या आणाव्यात आणि सारख्या लांबीच्या चोवीस काड्या कापाव्यात. त्यांचे सहा चौकोन बांधून कोपऱ्याला कोपरा जोडीत गेले की मध्ये आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. ते वेगळे करावे लागत नाहीत. हा चमत्कार पाहताना मुलाचा चेहरा जसा होतो, तसा तो माझ्या भूमितीच्या तासाला कधी झालेला नाही. एक काडी बोटभर लांब राहिली तर सगळा कंदील तिरका होतो. चूक कोठे झाली ते मास्तरांना लाल शाईने दाखवावे लागत नाही. चूक दोऱ्याला लटकून स्वतःच दिसते. मग कणकेची खळ, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. हे काम एकट्याने होत नाही. एकाने धरावे लागते, दुसऱ्याने बांधावे लागते. बाप धरतो आणि मूल बांधते, किंवा आजी धरते आणि बाप बांधतो. त्या तासाभरात घरात जे बोलणे होते, ते एरवी वर्षभर होत नाही.

आता आमच्या पेशाकडे वळतो, कारण शाळामास्तर म्हणून त्याला झाकून ठेवणे मला शोभणार नाही. हाताने काम केल्यावाचून शिक्षण पुरे होत नाही, हे या देशात वारंवार सांगून झाले आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी ते सांगितले. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात त्याला 'कार्यानुभव' म्हटले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे नाव दिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ बसवावयास सांगितले. विचार चारही वेळा चांगलाच होता. पण तो वर्गात येईपर्यंत त्याचा 'प्रकल्प' होतो आणि त्याला गुण चिकटतात. गुण चिकटले की वस्तू नीटनेटकी हवी. नीटनेटकी हवी म्हणजे ती आईने करावयास हवी. आणि आईला वेळ नसला तर स्टेशनरीच्या दुकानात ती तयार मिळते.

'टाकाऊतून टिकाऊ' हा तर विनोदाचा कळस झाला आहे. त्यासाठी कागदी पेल्यांचे नवे कोरे पाकीट विकत आणतात, त्यातले चार वापरून पेनस्टँड करतात, उरलेले टाकून देतात. टाकाऊतून टिकाऊ करावयाचे सोडून आपण टिकाऊ पैशातून टाकाऊ वस्तू करू लागलो. रात्री अकरा वाजता डिंकाने माखलेल्या हातांनी ती वस्तू पुरी करणारी आई सकाळी सहाला डबाही करते. मूल त्या वेळी झोपलेले असते. आणि गुण कोणाला? मुलाला. या अप्रामाणिकपणाचा पहिला धडा आम्ही हस्तकलेच्या तासाला देतो, हे शिक्षकांनी एकदा स्पष्ट कबूल करावे.

माझ्यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे असा. तसे नाही. जुन्या दिवाळीत मुलगे अंगणात किल्ला करीत आणि मुली चुलीपाशी करंज्यांना मुरड घालीत बसत. किल्ल्यावर मुलीचा हात लागलाच तर तो पाणी आणून देण्यापुरता. ती दिवाळी मला परत नको. मुलीने बुरूज थापावा आणि मुलाने करंजीला मुरड घालावी. दोन्ही हस्तकलाच आहेत, आणि दुसरी अधिक अवघड आहे.

दुसरा आक्षेप, विकत घेतल्याने कारागिराचे पोट भरते. हा आक्षेप खरा आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. किल्ल्यावरची चित्रे कुंभाराकडूनच घ्यावीत. मावळा, तोफ, गवळण आणि सिंहासनावरचे महाराज त्याच्या हाताचेच शोभतात. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत घरेच्या घरे हाताने कंदील करून विकतात. ज्याला स्वतः करणे शक्य नाही त्याने तेथून जरूर घ्यावा. परंतु ज्याने स्वतः एक कंदील वाकडा केला आहे, त्यालाच कारागिराच्या सरळ कंदिलाची किंमत कळते. तो भाव करताना घासाघीस करीत नाही. कारागिराचा शत्रू हौशी मूल नव्हे. त्याचा शत्रू साचा आहे.

तिसरा आक्षेप जागेचा आणि वेळेचा. हा सर्वांत वजनदार. दोन खोल्यांत राहणारी, दोघेही नोकरीवर जाणारी माणसे माती कोठे कालवणार? मान्य. पण चारशे बिऱ्हाडांच्या वसाहतीत मोटारी उभ्या करावयास जागा आहे, आणि मुलांना चार हात लांब, तीन हात रुंद कोपरा नाही, हे मला पटत नाही. 'माती सांडेल, फरशी खराब होईल' असे फलक लावणाऱ्या समित्यांनीच मग किल्ल्यांच्या स्पर्धा भरवाव्यात, हे तर त्याहून पटत नाही. त्या स्पर्धांत कारंज्याला पंप बसतो, दिव्यांची माळ लागते, पहिले बक्षीस कोणाच्या तरी वडिलांना मिळते. वेळेचे म्हणाल तर तासभर पुरतो. तो तास मोबाईलच्या पडद्यावरून आपण कोणालाही न विचारता देतच असतो.

तेव्हा माझ्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्हींना पैसा लागत नाही. शाळांनी घरी करून आणलेल्या वस्तूला गुण देणे बंद करावे. जे करावयाचे ते वर्गात, मुलांच्या हातून, आणि वेडेवाकडे झाले तरी तसेच भिंतीवर लावावे. वसाहतींनी दिवाळीपुरता एक कोपरा व दोन घमेली माती द्यावी, आणि बक्षिसे ठेवू नयेत. आईबापांनी धरण्याचे काम करावे, बांधण्याचे मुलावर सोडावे.

यातली तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे, हे मी जाणून आहे. मुलाची गाठ सैल बसते आहे हे दिसत असताना हात पुढे न करणे मोठ्या माणसाला जमत नाही. पण ते जमवावे लागेल. कंदील तिरका लटकेल. शेजारी हसतील. मूल एकदा वर पाहील, एकदा आपल्याकडे पाहील. अशा वेळी 'पुढच्या वर्षी विकत आणू' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये. कोणती काडी लांब राहिली, एवढेच विचारावे आणि त्याला ती शोधू द्यावी.