कसारा : घाटाखालची रेल्वे वस्ती

कल्याण स्टेशनात आपण रोज मुंबईच्या बाजूला तोंड करून उभे असतो. उलट दिशेच्या कसारा लोकलकडे कोण बघतो? पण आमच्यासारख्या अनेक घरांत पहिला महिन्याचा पगार आला तो त्याच दिशेने, रुळावर खडी ठोकणाऱ्या गँगमधून. म्हणून आज थोडे कसाऱ्याविषयी.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला आली, हे शाळेतली पोरेही सांगतात. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. १८५४ च्या मे महिन्यात रेल्वे कल्याणला पोचली, १८५५ मध्ये वाशिंदला आणि १ जानेवारी १८६१ ला कसाऱ्याला. तिथे थळ घाट आडवा आला. इगतपुरीपर्यंतचा रूळ सुरू व्हायला १ जानेवारी १८६५ उजाडला. म्हणजे चार वर्षे गाडी कसाऱ्यालाच संपत होती; पुढचा घाट रस्त्याने चढायचा. रेल्वे अडली म्हणूनच या खेड्याजवळ वस्ती वाढली.

घाटात दर ३७ फुटांना १ फूट चढ. सुमारे १५ किलोमीटरमध्ये जवळजवळ ३०० मीटर वर जायचे, त्यात बोगदे आणि दरीवरचे पूल. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडी थांबवून मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. आता वंदे भारतसारखी एखादी गाडी बँकरशिवाय चढते, पण बाकीच्या बहुतेक गाड्यांना थांबावेच लागते. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली. तेव्हाच्या मोठ्या विजेच्या इंजिनांना कामगारांनी 'खेकडा' हे नाव ठेवले होते. साहेबाने दिलेले नंबर कोणाच्या लक्षात राहतात?

इंजिनाची हकिगत पुस्तकात मिळते, गँगमनची मिळत नाही. पावसाळ्यात दरड कोसळते, म्हणून रात्रभर गस्त. खांद्यावर घोंगडी, हातात कंदील, पिशवीत रुळावर लावायचे फटाके. पुढे धोका दिसला की ते लावायचे, म्हणजे त्यांच्या आवाजाने ड्रायव्हर गाडी थांबवतो. आमची आजी सांगायची, आजोबा पहाटे परत येईपर्यंत ती चूल पेटवत नसे. घाटातून शिट्टी ऐकू आली की गाडी सुखरूप गेली, आणि गाडी गेली म्हणजे गस्तवालाही सुखरूप, असा तिचा हिशेब.

एवढे करून बढती? याच मार्गावर पुढे मनमाडला १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथेच सांगितले. ते वाक्य आपल्या सभांतून नेहमी ऐकू येते. पण त्याच भाषणात त्यांनी गँगमनचे गाऱ्हाणेही मांडले होते : आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते, आणि अस्पृश्य त्या घरात कसा चालेल! रूळ त्याच्या हातचा चालत होता, पाण्याचा हंडा चालत नव्हता.

आता गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. नाव बदलले, तरी पावसाळ्यातली रात्र तीच आहे. त्या गँगमधल्यांची नातवंडे आज आपल्या भागात शिक्षक आहेत, नर्स आहेत, कारकून आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना आजोबा कुठल्या गँगला होते हे ठाऊक नाही. आमच्या घरी एक पितळी बिल्ला होता. तो एकदा भांड्यांच्या मोडीत गेला, ही चूक आमचीच.

ज्यांच्या पेटीत अजून असा बिल्ला, सर्व्हिस बुक किंवा क्वार्टरपुढे काढलेला फोटो असेल, त्यांनी तो मोडीत घालण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यामागे नाव, गँग आणि साल लिहून ठेवावे. लिहून झाल्यावर आम्हालाही कळवावे. या पानावर छापू.