विनोद म्हणजे टाइमपास नव्हे

प्रायमस या बे एरियातल्या बँडचा १९९१चा ‘सेलिंग द सीज ऑफ चीज’ ऐकून ‘हा काय पोरकटपणा!’ म्हणत नाक मुरडू नका. या फंक मेटलमध्ये लेस क्लेपूलचा बेस मागे राहून साथ करत नाही. पुढे येऊन टवाळी करतो. ती जमते, कारण टिम अलेक्झांडरचा ताल जराही सुटत नाही. रेसकारवाल्या जेरीला हसता हसता कळतं, की तो दारू पिऊन खांबावर आदळलाय. पु. लं.च्या विनोदामागचं कारुण्य आपण परदेशातही अभिमानानं सांगतो. मग तोच न्याय बेसगिटारला का नाही? मुलांच्या खोलीतून हे गाणं आलं, तर आवाज कमी करायला सांगू नका. बसा आणि पूर्ण ऐका.