आठ विटा, नऊ घनफूट

फर्स्ट इयरला आमच्या रूममध्ये तिसरा पार्टनर आला, तेव्हा आम्ही दोघांनी नाकं मुरडली. कपाटं दोनच, तीही भरलेली. 'तुम्हाला अडगळ नको,' म्हणत त्याने आपली पत्र्याची ट्रंक पॅसेजमध्ये ठेवली. 'अडगळ' हा शब्द कॉन्व्हेंटवाल्या मला तेव्हा कळला. एका रात्री पावसाची झड आली आणि ट्रंकेवरच्या त्याच्या सगळ्या ड्रॉइंग शीट्स भिजल्या. तो काही बोलला नाही. मला मात्र झोप लागेना.

फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर गाडीत सीटचाच बेड होतो, खाली सामानाची पेटी असते. गाडी तेवढीच, पण एक कोपरा वाया जात नाही. मग आम्हीही टेप काढली. कॉट ६ बाय ३ फूट, खाली उंची १ फूट, म्हणजे १८ घनफूट. चारही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या घातल्या, उंची झाली दीड फूट. २७ घनफूट! आठ विटांत नऊ घनफूट जादा.

रेक्टर सरांना विनंती, पुढच्या वेळी कॉट जरा उंच मागवा. आणि मित्रांनो, नवा पार्टनर आला की आधी टेप काढा, नाकं नंतर मुरडा. आमच्या तिसऱ्याची ट्रंक आता माझ्या कॉटखाली आहे.